दीड वार

१९९८च्या जानेवारीत मी माझ्या नातीला, नूतनला, भीमाशंकर दाखवायला निघालो होतो. पहाटे घोडेगावात जीपचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर गोरख म्हणाला, "गुरुजी, अर्धा तास जाईल. बाजार भरतोय, पोरीला फिरवून आणा."

मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही. कंदिलांच्या उजेडात मी नूतनला एकेक पोतं ओळखायला लावत होतो. ही नाचणी, ही वरई. हा आंबेमोहर, वास घेऊन बघ. तिने नाक पोत्यात खुपसलं तशी तांदूळवाली हसली. "घे बाळा, वासाचं पैसं न्हाय घेत आमी."

धुकं दाट होतं. ओल्या मेथीचा वास सगळीकडे भरला होता. मी एका म्हातारीकडे जुडी मागितली. तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नगं गुरुजी. अजून भवानी व्हायचीय. आज तुमच्या हातची नगं."

"का हो बाई?"

तिने नूतनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

या गावात मी कधी उतरलो नव्हतो. टोपी-चष्म्यावरून मास्तर म्हणून ओळखलं असेल, असं मी मनाला समजावलं.

पुढे खडेमीठ विकणारा माणूस हळूच म्हणाला, "पाच किलो पुरंल ना गुरुजी? कमी पडलं तर अजून न्या."

"कशाला पुरेल?"

"मघाशी तुमीच नेलं की."

लहान मूल गेलं की आमच्याकडे पुरतात, आणि पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. मी नूतनला उचलून कडेवर घेतलं. कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

कापडवाला ठाण गुंडाळत होता. मला बघून थांबला.

"दीड वार पुरलं का? सात वर्साची पोर म्हनलात, म्हणून तेवढंच फाडलं."

"मी म्हणालो?"

"एकटेच आला व्हता तुमी."

नूतनला सातवं संपत आलं होतं.

भीमाशंकर राहू दे. आत्ताच्या आत्ता मागे फिरायचं, पोरीला तिच्या आईजवळ पोचवायचं. मी जवळजवळ पळतच जीपपाशी आलो.

चाक बसवून झालं होतं. मला पाहताच गोरखच्या हातातला पाना खाली पडला.

"गुरुजी... तुमी तर आत बसलाय."

पुढच्या काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेमागे पांढरी टोपी होती. मांडीवर घडी केलेलं कोरं कापड.

नूतन काचेकडे बघत राहिली. मग तिने माझा चेहरा नीट पाहिला.

"आजोबा," तिने हाक मारली. काचेकडे वळून.

आणि माझ्या गळ्याभोवतीचे हात हळूच काढून घेतले.