तिसरं कडवं

हे मला आकांक्षाने स्वतः सांगितलंय. आकांक्षा म्हणजे माझी मावसबहीण. भुताखेतांवर तिचा कधीच विश्वास नव्हता, आजही ती 'भूत' हा शब्द वापरत नाही. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल सोडून द्यावं. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

जागा मस्कतमधली. अल् खुवैरला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन वर्षांपूर्वीचा जून महिना, बुधवार, भर दुपार.

हो, दुपारच. तिकडे जूनमध्ये दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आवाज असतो तो फक्त एसीचा.

आकांक्षा लग्नाआधी पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत होती. गायचीही सुंदर. त्या जूनच्या चार वर्षं आधी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि गळा गेला. बोलायची नीट, पण आवाज घोगरा झाला आणि सूर लागेना. तेव्हापासून तिने गाणं सोडलं ते सोडलंच. घरी बसून जुनी, खरखरणारी रेकॉर्डिंग साफ करून द्यायची कामं करायची.

नवरा कौशिक. त्याच्या ऑफिसात एक जपानी इंजिनिअर होता. त्याची आई युको-सान क्योटोला असते. त्या बाईंची आत्या जुन्या काळची मोठी नटी होती. तोमोए शिरासे तिचं नाव.

ही तोमोए नुसती नटी नव्हती, गायचीही. पन्नासच्या दशकात तिचे तीसएक सिनेमे आले. प्रत्येकात एक तरी गाणं तिचं स्वतःचं. लोक म्हणे गाण्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे.

मग ऐन भरात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.

आवाज गेला. हातात एक सिनेमा होता. कंपनीने दुसऱ्या मुलीकडून गाणं गाऊन घेतलं आणि तोमोएला सांगितलं, तू फक्त ओठ हलव. तिने हलवले. शूटिंग संपलं त्या दिवशी ती स्टुडिओतून निघाली ती परत कधी गेली नाही. पुढची चाळीस वर्षं समुद्रकाठच्या एका गावात राहिली. पाटीवर लिहून बोलायची. तशीच गेली.

त्या शेवटच्या गाण्याची फिल्म युको-सानना सापडली होती. पण मुकी. आवाजाची पट्टी खराब झालेली. दुसऱ्या मुलीने गायलेली एक झिजलेली तबकडी तेवढी होती. तबकडीतलं गाणं साफ करून चित्रावर बसवायचं, एवढंच काम. तीन कडव्यांचं गाणं.

आकांक्षाने त्या बुधवारी काम सुरू केलं. रेवा, तिची नऊ वर्षांची मुलगी, शाळेत होती. घरात दुसरं कुणी नाही.

गाणं काही केल्या ओठांवर बसेना. दर ओळीआधी पडद्यावरची तोमोए खोल श्वास घ्यायची, मग ओठ उघडायची. तबकडीतली मुलगी तोवर पुढे गेलेली असायची.

खाली मशिदीत दुपारची अजान झाली. आकांक्षाने कानाला हेडफोन लावले, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आणि तिला श्वास ऐकू आला...

फिल्म तर मुकी होती.

तिने हेडफोन काढले. खोलीत एसीचाही आवाज येत नव्हता. बंद पडला म्हणावं तर गार वारा येतच होता.

तिने हेडफोन परत लावले. यापुढचं तिला आठवत नाही.

भानावर आली ती दार बडवल्याच्या आवाजाने. घड्याळात अडीच वाजले होते. दारात रेवा रडून लाल झालेली. सोबत समोरच्या फ्लॅटमधल्या खैरुन्निसा भाभी. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या.

"बेल मारून मारून दमली पोर," भाभी म्हणाल्या. "पण तुला तरी कशी ऐकू येणार? किती गोड गातेस गो तू. कधी बोलली नाहीस ते."

"मी?" आकांक्षाने विचारलं. तिचा घसा सोलवटल्यासारखा दुखत होता.

"मग कोण? अर्धा तास आम्ही दोघी इथे उभ्या ऐकतोय."

रेवाला जेवायला घालून आकांक्षा आत गेली. टेबलावरचा माईक चालू होता. तिने तो लावलेला नव्हता. कॉम्प्युटरवर एक नवं रेकॉर्डिंग होतं. पहिलं कडवं. जपानी शब्द. तोमोएच्या ओठांवर नेमकं बसणारं.

संध्याकाळी तिने ते कौशिकला ऐकवलं. त्याने ते पुन्हा एकदा लावलं.

"अकू, हा तुझा आवाज आहे. ऑपरेशनच्या आधीचा."

"मला जपानी येतं का?"

"नाही. पण तुझा आवाज मी ओळखणार नाही?"

युको-सानना तिने ते पाठवलं. कुठून आलं ते लिहिलं नाही. तासाभरात उत्तर आलं. 'हा त्या दुसऱ्या मुलीचा आवाज नाही. हा माझ्या आत्याचा आवाज आहे. हे तुम्हाला कुठे मिळालं?'

आता कुणीही शहाणं माणूस तिथेच थांबलं असतं. पण चार वर्षांनी तिने स्वतःचा गळा ऐकला होता. मला म्हणाली, "ताई, तुला नाही कळणार. दुसऱ्या दिवशी मी अजान व्हायची वाट बघत बसले होते."

ती मुद्दाम बसली. माईक स्वतः लावला. हेडफोन घातले.

श्वास आला...

अगदी मानेजवळ.

त्या दुपारी दुसरं कडवं झालं. तेही तिने युको-सानना पाठवलं.

आणि आकांक्षाचा आवाज गेला. घोगरा होता तोही. तोंडातून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं, म्हणाले सगळं ठीक दिसतंय. ती कागदावर लिहून बोलायला लागली. एका संध्याकाळी रेवा तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, से समथिंग. प्लीज. कायपण बोल."

आकांक्षाला बोलता आलं नाही.

त्या संध्याकाळी कौशिकने माईक खोक्यात भरला. खोकं माळ्यावर टाकलं. "खलास," तो म्हणाला. "तिसरं कडवं राहिलं तर राहू दे." लॅपटॉप बंद करून त्याने बॅगेत ठेवला. युको-सानना कळवलं की तब्येतीमुळे काम पुढे होणार नाही.

तीन आठवडे असेच गेले.

मग एका शुक्रवारी दोघं भाजी आणायला अल मवालेहच्या मोठ्या बाजारात गेले. रेवाला ऊन लागतं म्हणून खैरुन्निसा भाभींकडे ठेवलं. घराला कुलूप, किल्ली आकांक्षाच्या पर्समध्ये.

दीड वाजून गेला होता. आकांक्षा भेंडीच्या ढिगासमोर उभी होती. विक्रेत्याने किती देऊ म्हणून विचारलं. तिने सवयीने बोट वर केलं आणि...

"एक किलो," ती म्हणाली.

स्वच्छ आवाज. घोगरा नाही. ऑपरेशनच्या आधीचा.

कौशिकच्या हातातून पिशवी खाली पडली. दोघं भर बाजारात रडले. येताना गाडीत तिने चार वर्षांत पहिल्यांदा सा लावला. लागला.

घरी पोचल्यावर सगळ्यात आधी मला फोन करायचा म्हणून तिने मोबाईल काढला. त्यावर युको-सानची मेल आलेली.

'तिसरं कडवं मिळालं. तुमचे आभार कसे मानू? पण एक विचारू का? पहिल्या दोन कडव्यांत आत्याचा मोठेपणीचा आवाज आहे. हा तिचा लहानपणचा आहे. नऊ वर्षांची असताना ती पहिल्यांदा सिनेमात गायली होती, अगदी तसा.'

आकांक्षा तशीच समोरच्या दाराकडे धावली.

"झोपलीय ती," भाभींनी सांगितलं. "मी नमाज पढले तवा समोरच होती पलंगावर. कुठे गेली नाही."

"गात होती?"

"झोपेत कोण गाईल? ओठ तेवढे हलत होते. सपान पडलं असंल."

रेवाला उठवलं. तिने डोळे चोळले, पाणी मागितलं. आवाज ठीक होता. आकांक्षा तिला कवटाळून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

घरातला लॅपटॉप बॅगेतच होता. माईक माळ्यावर, खोक्यात, चिकटपट्टी लावलेला. मेल मात्र तिच्याच नावाने गेली होती. एक चाळीसला. ते रेकॉर्डिंग तिने उघडलं नाही. कौशिकने एकदा ऐकलं. कुणाचा आवाज आहे ते तो सांगत नाही. विचारलं की उठून जातो.

आकांक्षाचा गळा आता पूर्ण बरा आहे. पण ती गात नाही. सा सुद्धा लावत नाही.

आणि रेवा... रेवा अकरा वर्षांची झाली. हसते, भांडते, मैत्रिणींशी इंग्रजीत तासन् तास बोलते. बोलण्यात काहीच खोट नाही. फक्त शाळेत सगळी मुलं प्रार्थना म्हणतात तेव्हा ती ओठ हलवते, गळ्याच्या शिरा ताणते, आणि आवाज येत नाही. वाढदिवसाचं गाणंही तिला म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणतात, लाजत असेल.

दिवाळीत ती माझ्याकडे आली होती. आरतीच्या वेळी माझ्याच शेजारी उभी होती. टाळ्या वाजवत होती, तोंड उघडं होतं. मी मुद्दाम कान जवळ नेला.

काही नव्हतं.

ती माझ्याकडे बघून हसली आणि ओठ हलवतच राहिली. आरतीच्या शब्दांशी ते जुळत नव्हते.