वेस्का गावचा भोंगा

नैराश्यावर मशरूमचं औषध देतात त्या खोलीत निम्मं काम संगीत करतं. हे आमच्या डॉक्टर स्लावीकोवाबाईच परिषदांमधून सांगत फिरतात. संस्थेच्या दारावरच्या पाटीवर मात्र संगीत लावणाऱ्याचं नाव नाही. मी विलेम. कुठल्या संगीतशाळेत गेलो नाही. तीस वर्षं प्रागच्या आसपासच्या नाचाच्या हॉलांत स्पीकर उचलले, कान तिथंच तयार झाला.

काम सरळ आहे. रुग्ण सकाळी साडेनऊला कॅप्सूल घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधून कोचावर आडवा होतो, आणि सहा तास मी काचेपलीकडून स्पीकरवर ठरलेली यादी वाजवतो. आधी हलकं, मग चढतं, दोन तासांनी सगळ्यात उंच, मग उतरणीला. ओळखीचं काही लावायचं नाही. चेक शब्द नकोत, गावाकडचा बँड तर अजिबात नको. आठवण औषधातून यावी, स्पीकरमधून नाही, असा नियम.

म्हणून आदल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारतो, कुठलं गाणं चुकूनही नको?

ब्लाजेना कोउदेल्कोवा नावाच्या बाईंनाही विचारलं. मोरावियातल्या वेस्का गावच्या पंचायतीत त्या कारकून होत्या. चार वर्षं नैराश्य, चार वर्षांत डोळ्यांतून पाण्याचा थेंब नाही. चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा.

"मला काहीही चालेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमचं गाणं कोणतं?"

"माझं कशाला?"

"आमच्या गावात कुणी गेलं की पंचायतीच्या भोंग्यावर आधी त्याचं गाणं वाजायचं, मग नाव, वय आणि गेल्याचा वार वाचायचे. पन्नाशी उलटली की लोक कचेरीत येऊन गाणं सांगून जायचे. वही माझ्याकडे असायची. तुमचं वय?"

"बावन्न."

"अहो साउंडवाले, दोन वर्षं उशीर केलात की!"

त्या चेहऱ्यावर थट्टा उमटलेली बघून मला इतका आनंद झाला, की मी सांगून टाकलं. वडील करवतीला धार लावताना पोल्का नाचाची एक धून शिट्टीवर वाजवायचे. नाव मला माहीत नाही. तिसऱ्या ओळीत ते हमखास दोन ठोके गिळायचे. मी तशीच वाजवून दाखवली, गिळलेल्या ठोक्यांसकट.

"नोंद केली," बाई म्हणाल्या. हातात ना पेन होतं, ना कागद.

पहिली बैठक नोव्हेंबरात झाली. बाहेर नांगरलेली शेतं आणि धुकं. पावणेबाराला यादीतला चेलो चढत होता आणि मला त्याच्या खालून खट्ट असा आवाज आला. जुनं बटण दाबल्यासारखा. मग बँड. क्लॅरिनेट, ट्यूबा, एक जरा बेसूर तुतारी. मंद चालीचं गाणं, लांबच्या खांबावरून वाऱ्यानं आणल्यासारखं.

कोचावर ब्लाजेनाबाईंनी मान उचलली. ओठ उघडले.

केबल कुठला तरी रेडिओ पकडतेय असं समजून मी सगळं बंद केलं. खोली गप्प झाली. बाईंचे ओठ तसेच थोडा वेळ उघडे राहिले, मग मिटले. उरलेले चार तास त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मी सगळ्या केबली बदलल्या. दोष एकीतही नव्हता. बैठकीच्या ध्वनिमुद्रणात बँड स्पष्ट होता. स्लावीकोवाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "जवळपास लग्न असेल." नोव्हेंबरात, मंगळवारी, धुक्यात लग्न! शिकलेल्या माणसाला कारण सापडलं की ते खरं असण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर ब्लाजेनाबाई खालावल्या. जेवण सुटलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या आणि शेवटच्या बैठकीसाठी आल्या, तेव्हा कोट खांद्यावरून घसरत होता. मी मागच्या दाराशी सिगारेट ओढत होतो, तिथं त्या येऊन उभ्या राहिल्या.

"गेल्या वेळी तुम्ही बंद केलंत."

"केबल बिघडली होती."

"खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही."

मी सिगारेटची राख झटकली.

"ते माझ्या मुलाचं, मातोउशचं गाणं," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचा होता. मोटारसायकल. सरपंच म्हणाले, मी वाचतो. मी म्हटलं, वाचायचं काम माझं आहे. बटण दाबलं, गाणं वाजलं, माइक उघडला. आणि मला नाव घेता येईना. गाव खिडक्यांशी उभं. म्हाताऱ्यांच्या टोप्या हातात. चार मिनिटं सगळ्यांनी भोंग्यावर माझा श्वास ऐकला. मग मी माइक बंद केला."

"नंतर कुणी वाचलं नाही?"

"कशाला वाचतील? सगळ्यांना ठाऊकच होतं. पुढे भोंगेही काढले. आता मोबाईलवर संदेश येतात." त्यांनी माझ्या हातातली सिगारेट घेतली, एक झुरका मारला, परत दिली. "या वेळी बंद करू नका. आज जमलं नाही, तर मी परत येणार नाही. इथंच असं नाही, कुठंच नाही. समजलं?"

समजलं. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बैठक रद्द झाली असती. म्हणून सांगितलं नाही. ज्याला मला शिव्या द्यायच्या असतील त्यानं द्याव्यात.

साडेनऊला कॅप्सूल. अकराला स्लावीकोवाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

अकरा बावन्नला खट्ट.

बँड सुरू झाला.

मी चेलोचा आवाज हळूहळू खाली आणला. पार शून्यावर. मीटरच्या सुया पडल्या.

बँड वाजतच होता.

काचेपलीकडे डॉक्टर स्पीकरकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. मी दोन्ही हात वर करून दाखवले.

गाणं संपलं. नुसती खरखर उरली. माइक उघडा असतो तेव्हाची.

ब्लाजेनाबाई उठून बसल्या. पाठ ताठ. डोळ्यांवर पट्टी तशीच.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मी टेबलाची कड धरून होतो.

"वेस्का ग्रामपंचायत कळवते," त्या म्हणाल्या. कोरडा, कचेरीतला आवाज. "आपल्या गावचे रहिवासी मातोउश कोउदेल्का, वय वर्षं एकोणीस..."

पुढचं वाचणं नव्हतं. तो हंबरडा होता.

त्या पाऊण तास रडल्या. मी चेलो परत वर आणला आणि काचेच्या अलीकडे मीही रडलो.

संध्याकाळी त्या दोन वाट्या सूप प्यायल्या आणि मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाकिणीशी भांडल्या. पुढच्या आठवड्यात तपासणीला आल्या त्या गालांवर रंग घेऊन. माझ्यासाठी आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी आणली होती. जाताना म्हणाल्या, "साउंडवाले, गाव आता खिडकीतून हललं."

स्लावीकोवाबाईंनी अहवालात लिहिलं, 'संगीताच्या साहाय्यानं भावनिक मोकळीक.' परिषदेत ऐकवण्यासाठी त्यांना रडण्याआधीचा तुकडा हवा होता. काल मी ध्वनिमुद्रणातली त्या तासाभराची फाईल उघडली.

तुकडा कापला. फाईल पुढे चालत राहिली. रडणं ओसरत गेलं, चेलो वर आला.

मग त्याच्या खाली खट्ट.

पोल्का. अख्खा बँड. तिसऱ्या ओळीत सगळ्यांनी मिळून दोन ठोके गिळले.

गाणं संपलं. खरखर. कागद उलगडल्याचा आवाज.

मी थांबवलं. फाईलचे अजून एकोणीस सेकंद उरले होते. ते मी ऐकलेले नाहीत.

आज सकाळी डॉक्टर म्हणाल्या, कापलेलं नको, अख्खी फाईल द्या, मीच ऐकते. दिली. दार लावून बसल्या. तासाभरानं बाहेर आल्या, कॉफीच्या यंत्रापाशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. कप भरला तरी उचलेनात.

"विलेम," त्या म्हणाल्या. सात वर्षांत पहिल्यांदा नावानं. "गुरुवारी तुम्ही कुठं बाहेर जाणार नाही ना?"