पंधरा एप्रिलपर्यंत

“लग्न, नोकरी का म्हैस?”

देवळाच्या गाभाऱ्यातून आवाज आला आणि संघप्रिया उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. बाहेरचं ऊन अजून डोळ्यांत होतं, आतलं काही दिसेना. नुसता ओल्या शेवंतीचा वास... आणि दगडावर तांब्या टेकल्याचा आवाज.

“म्हणजे?”

“म्हंजे काय इचारायचं हाय देवाला? सकाळपास्नं चार म्हशी झाल्या. तुमची पाचवी असली तर तसं सांगा.”

तो पुढं आला. धोतर, उघड्या खांद्यावर टॉवेल, आणि गळ्यात कंपनीच्या गेटचं ओळखपत्र — काढायचं विसरलेलं.

“मला आण्णा गुरवांना भेटायचंय. त्यांनी आज बोलावलं होतं.”

“आण्णांना मोतीबिंदूला नेलंय. मी नातू त्यांचा, जोतीराम. आणा ती फुलं हिकडं.”

फुलं तिनं आणली नव्हती. बाहेर बसलेल्या म्हातारीनं हातात कोंबली होती, आणि नको म्हणवेना म्हणून घेतली होती. ती सांगेपर्यंत तो आत गेलासुद्धा. दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, मूर्तीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवली आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा, ही लांबनं आल्याली पोर. हिच्या मनात हाय ते व्हनार असंल तर उजवी दे. न्हायतर डावी दे.”

“अहो, मी विचारायला नाही आले. कौल कसा लावतात ते बघायला आलेय. अभ्यासासाठी.”

जोतीराम वळला. पाकळ्यांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

“आता?”

“काढा ना त्या.”

“लावल्याली काढत न्हाईत. पडायची वाट बघायची.”

“किती वेळ?”

“कवा मिनिट, कवा दुपार. बसा की.”

मग बसली ती. कागलपासून आत सहा किलोमीटर, डिसेंबरातली सकाळ, उसाच्या ट्रॉल्यांची घरघर, आणि समोर दोन हट्टी पाकळ्या. बसल्या बसल्या तिनं सांगितलं, एम.ए. झालंय, आता अमेरिकेत धर्मांच्या अभ्यासात पीएच.डी. करायचीय, पाच विद्यापीठांत अर्ज करतेय. विषय हाच : माणसं आपला निर्णय देवाकडं कशी सोपवतात.

“म्हंजे देव हाय का न्हाय, ते तुम्ही ठरवनार?”

“ते नाही. माणसं काय करतात, ते बघणार.”

“मग आमच्याकडं माल बक्कळ हाय.”

तेवढ्यात उजवी पाकळी सुटली. अगदी अलगद.

“उजवा आला. काय हुतं मनात?”

संघप्रियानं घड्याळ बघितलं. “पावणेबाराची एस.टी. चुकू नये, एवढंच होतं.”

रस्त्यावरून एस.टी.चा हॉर्न आला... आणि लांब गेला. जोतीराम देवासमोर हसू दाबत उभा राहिला. ते दाबलेलं हसू तिला हायवेपर्यंत त्याच्या मोटारसायकलवर मागं बसूनही दिसत राहिलं.

पाचही अर्ज महिनाअखेरीला गेले. आता हातात काहीच नव्हतं, म्हणून ती रविवारी रविवारी देवळात जाऊ लागली. वही भरायला, असं ती घरी सांगायची.

घरी म्हणजे वडील, आकाराम कांबळे. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर, आणि संघप्रियाची आई गेल्यापासून स्वयंपाकातही पक्के. पोरगी परदेशी शिकायला निघाली याचा अभिमान. पण कशाच्या अभ्यासाला, हे शेजाऱ्यांना सांगताना त्यांची जीभ अडखळायची.

“छप्पन सालानंतर तुझ्या आज्ज्यानं घरातलं सगळं देव पंचगंगेत सोडलं,” ते भाकरी थापता थापता म्हणायचे. “आणि तू निघालीस त्यांच्याच मागनं.”

“देवांच्या मागं नाही पप्पा. माणसांच्या.”

“माणसं हितं राजारामपुरीत बी हाईत की.”

देवळामागंच जोतीरामचं घर. त्याची आई चिमणाबाई पहिल्यांदा चहा घेऊन आली, तेव्हा संघप्रियानं आधी कप बघितला आणि मग चहा. आडनाव तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गावात कोणाचा कप कुठल्या फळीवर असतो, हे तिला वहीत लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं.

चिमणाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. “घरातलाच हाय गं,” ती म्हणाली. “कान तुटलाय म्हणून बघतीस व्हय? ह्यानंच तोडलाय, जोत्यानं.”

तुटक्या कानाचा कप धरताना बोट भाजलं. पण संघप्रियानं तो खाली ठेवला नाही.

एकदा एक मुलगी आली, कडेवर चार महिन्यांचं बाळ. सासरी परत जाऊ का, विचारायला. गाऱ्हाणं चालू असताना बाळ रडायला लागलं, तेव्हा जोतीराम मध्येच थांबला. “आधी त्याला पाज,” म्हणाला, आणि पाठ करून पायरीवर येऊन बसला. देव थांबला, रांग थांबली. आतून फक्त बाळाचं चुटूचुटू ऐकू येत होतं. त्या दिवशी संघप्रियाच्या वहीत एक ओळही उतरली नाही. ती नुसती त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

फेब्रुवारीत उत्तरं यायला लागली. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ, त्यामुळं दिवेलागणीला तिचा जीव मोबाईलमध्ये अडकायचा. जोतीराम कंपनीतल्या चहाच्या सुट्टीत मेसेज टाकायचा.

“आलं?”

“आलं. नाही म्हणाले.”

“कितवं?”

“दुसरं.”

“माझी बारावी तिसऱ्या येळंला सुटली. थांब की.”

तिसरंही उत्तर ‘नाही’च आलं. मग जोतीरामनं तिकडची वेळ आपल्या मोबाईलवर लावून घेतली. “आत्ता साडेनऊ झाल्यात तिकडं. सायब च्या पीत असतील. अकराला बघतील तुझं.” आणि थोड्या वेळानं, “पित्यात का गं ते च्या? का कॉफीच?”

ती एकटीच हसायची. पप्पा भाकरीवरून डोकं वर काढायचे. “पास झालीस?”

“नाही पप्पा.”

“मग हसतीस कशाला?”

मार्चमध्ये चौथ्या विद्यापीठानं प्रवेश दिला. पण प्रवेश मिळून भागणार नव्हतं. पाच वर्षांची फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च देणारी शिष्यवृत्ती मिळाली, तरच जाता येणार. आणि तिथं ती प्रतीक्षायादीत होती. पहिली, पण प्रतीक्षायादीत. कुणीतरी एकानं आपली जागा सोडली तर तिला. सगळ्यांना उत्तर द्यायची मुदत पंधरा एप्रिल. आठवड्यानं पाचव्याचंही ‘नाही’ आलं, आणि सगळं त्या एका अनोळखी माणसावर येऊन थांबलं.

“वेटिंग एक म्हंजे कन्फर्मच की,” पप्पा म्हणाले.

“ते रेल्वेत, पप्पा.”

एप्रिल उजाडला. ताटातलं ताटात राहू लागलं. झोपेत ती इंग्रजी पत्रं वाचायची. आणि एक गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती... कधी कधी तिला वाटायचं, न येवो ते पत्र. मग लगेच स्वतःचाच राग यायचा. एवढी वर्षं ज्याच्यासाठी झिजले, ते नको कशासाठी? कुणासाठी?

बारा तारखेला रविवार होता. ती देवळात पोचली तेव्हा दुपारची सामसूम होती. जोतीराम समया घासत बसला होता.

“लाव,” ती म्हणाली.

“काय?”

“कौल. माझा. जाणार की नाही, विचार त्याला.”

त्याचा हात थांबला. “तुमच्यात चालत न्हाय.”

“नाही चालत. पप्पांना कळलं तर जेवणार नाहीत. पण मला आता सहन होत नाही, जोतीराम. कुणीतरी काहीतरी सांगा मला. हो नाहीतर नाही. पाकळीनं सांगितलं तरी चालेल.”

“मी न्हाय लावणार.”

“चार चार म्हशींचा लावतोस.”

“म्हशीचा लावीन. तुझा न्हाय.”

“का? मी बाटवीन देवाला?”

हे तिला बोलायचं नव्हतं. बोलून गेली. जोतीरामनं समई खाली ठेवली, राखेचे हात टॉवेलला पुसले. पुसतच राहिला.

“आमच्यात एक रीत हाय,” तो म्हणाला, समईकडं बघत. “घरच्या माणसाचा कौल घरच्या गुरवानं लावायचा न्हाय. आईचं ऑपरेशन हुतं तवा आण्णांनी पल्याडच्या गावचा गुरव आणलाता. आपल्या माणसाचं असलं की हात सरळ ऱ्हात न्हाय. एक पाकळी जरा जास्त ओली हुऊन जाती. मग ते देवाचं बोलणं न्हवं, आपलीच हाव.”

“ही रीत कधी सांगितली नाहीस.”

“येळ आली न्हवती.”

“पण मी कुठं तुझ्या घ...”

वाक्य तिथंच राहिलं. पिंपळावर एक कावळा ओरडला, आणि उगाचच खूप वेळ ओरडत राहिला.

“कुठली?” तिनं अगदी हळू विचारलं. “कुठली पाकळी जास्त ओली झाली असती?”

“उजवी.” आता त्यानं वर बघितलं. “पडूच नये म्हणून. जा म्हणायला तोंड उघडत न्हाय माझं... आणि ऱ्हा म्हणायची लाज वाटती. म्हणून हात लावत न्हाय. रागाव, काय बी कर.”

ती रागावली नाही. ओढणीचं टोक मुठीत धरून चालत कागलपर्यंत गेली, सहा किलोमीटर, उन्हातून.

चौदा तारखेला जयंती. पप्पा पांढऱ्या शर्टावर निळा फेटा बांधून मिरवणुकीत, ढोल-ताशांनी खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. संघप्रिया मोबाईल छातीशी धरून फुटपाथवर उभी होती. विद्यापीठाचं काही नव्हतं. दोन दिवसांत जोतीरामचंही काही नव्हतं; ‘आलं?’ एवढंसुद्धा नाही. तिनं त्या गोंगाटात उभं राहून लिहिलं, “उद्या संध्याकाळी घरी ये. फुलं आणू नकोस. नुसता माझ्याजवळ बस.” आणि खाली घराचा पत्ता.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, बटणं वरपर्यंत. दार पप्पांनी उघडलं.

“बसा पावणं. कुठलं म्हणायचं?”

“कागलकडचा.”

“काय करता?”

“कंपनीत हाय. आणि... सुट्टीदिवशी देवळात. पूजा, कौल.”

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांना कालचे ताजे हार. पप्पांनी खुर्ची जरा पुढं ओढली. “म्हंजे ते तुम्हीच. आमच्या पोरीला कौल देता का काय?”

खोटं बोलणाऱ्यातला तो नव्हता. “तिनं मागितलाता. मी दिला न्हाय.”

संघप्रियानं डोळे मिटून घेतले. पप्पांनी तिच्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग ते परत जोतीरामकडं वळले.

“का न्हाय दिला?”

जोतीरामची मान खाली गेली. कान लाल झाले. “आमच्यात... घरच्यांना देत न्हाईत.”

पप्पांच्या डोक्यात ते वाक्य हळूहळू उतरताना दिसत होतं, कपाळापासून ओठांपर्यंत. ते काहीतरी बोलणार, तोंड उघडलंच होतं —

मोबाईल वाजला.

तिला उघडता येईना. शेवटी तिनं वाचलं. एकदा मनात, मग मोठ्यानं, इंग्रजीचं मराठी करत, “एकानं जागा सोडली... पाच वर्षांची शिष्यवृत्ती देत आहोत... आज रात्री बारापर्यंत, आमच्या वेळेनं, कळवावं.”

पप्पा उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. जोतीराम खुर्चीच्या कडेवर तसाच. त्याच्या तोंडावर आनंदही होता आणि दुसरं काहीतरीही होतं, आणि दोन्ही लपवायची त्यानं काही खटपट केली नाही.

“जा,” तो म्हणाला. “आता येतंय म्हणायला. जा.”

तिनं लॅपटॉप उघडला. नाव. पत्ता. जन्मतारीख. ‘प्रवेश स्वीकारते’, त्यापुढच्या चौकटीत तिनं खूण केली. खालीच व्हिसासाठीचे प्रश्न होते. तिसऱ्या प्रश्नावर ती थांबली.

“इथं विचारलंय,” ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “बरोबर जोडीदार येणार आहे का.”

“मग?” जोतीरामनं विचारलं.

“आत्ता ‘नाही’ लिहिते.”

“लिही की.”

तिनं लिहिलं. मग मान जराशी कलती करून, त्याच्याकडं न बघता, “खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. हे उत्तर... नंतर बदलता येतं म्हणे.”

जोतीरामनं आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ एक वीतभर सरकवली. फरशीवर तिचा केवढा तरी आवाज झाला.

पप्पा वळले. शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि दोघांच्या मधल्या त्या अंतराकडं बराच वेळ बघत राहिले.

“बदलायच्या आधी मला इचारायचं,” ते म्हणाले. “दोघांनी बी, समोर बसून.”

आणि चहा टाकायला आत गेले.