दुसरी हाक

भागीरथीने त्या सकाळी कोळंबी सोलून फ्रीजमध्ये ठेवली, गॅस बंद केला, हिरवं लुगडं नेसली, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळली आणि सुनावणीला निघाली. दारात शेजारची जाईबाई उभीच होती. तिने भागीरथीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लग्नाला चाललीस का सरकारी कामाला गो?"

"आज माझ्या घरवाल्याचं नाव पुकारनार हायत," भागीरथी म्हणाली. "ते नाय, तं मी तरी नीट दिसाया नको?"

भागीरथीचा नवरा गोमाजी खाडीत गेल्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्याचं प्रेत मिळालं नाही, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर भागीरथीने अंगठा केला नाही तो नाहीच. एकही दिवस कपाळावरचं कुंकू तिने चुकवलं नव्हतं. लोक मागून काय वाटेल ते बोलत, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

माजिवड्याहून घोडबंदर रोडने निघालं की उजव्या हाताला टॉवरांच्या मागे, तिवरांच्या झाडीच्या अलीकडे, हा कोळीवाडा लागतो. शंभरेक घरं, एक देऊळ, समाजमंदिराची लांबट खोली आणि खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. वाड्यातल्या बायकांचा जन्म त्या जागेवर गेलेला. कागदावर मात्र ती जागा त्यांची राहिली नव्हती, आणि ती का राहिली नाही, हे कळायचं तर आधी या लोकांची एक खोड समजून घ्यावी लागेल.

इथल्या माणसाला नावाने हाक मारून बघा, तो वळणार नाही. तो बहिरा नसतो की उद्धट नसतो, तो दुसऱ्या हाकेसाठी थांबलेला असतो. हिवाळ्यात खाडीवर धुकं उतरलं की तिवरांतून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं. आईच्या आवाजात मारतं, मित्राच्या आवाजात मारतं, पण एकदाच मारतं. माणूस परत बोलावतो, त्याला ते जमत नाही. म्हणून त्याचं नाव एकहाक्या. त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. आणि आपण मारलेल्या पहिल्याच हाकेला कुणी ओ दिली, तर तोही त्यातलाच समजायचा. त्याला ओळख दाखवायची नाही, कारण ओळख दाखवली की तो घर विचारत येतो. बालवाडीत जाण्याआधी इथल्या पोरांना एवढं पाठ असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी खळ्याची पहिली सुनावणी शहरातल्या कचेरीत झाली. खळं वाड्याचंच, अशा जुन्या जबाबावर अंगठे केलेले सात पंच एसटीने खोपटच्या स्टँडवर उतरले, विचारत विचारत कचेरीत पोचले आणि व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसले. गोमाजी त्यांचा म्होरक्या. शिपायाने दारात येऊन घाईघाईने सात नावं पुकारली, प्रत्येक नाव एकेकदा. सातही पंच तोंडं मिटून बसले. शेजारी बसलेल्या दगडू पंचाने कोपराने ढोसलं, तेव्हा गोमाजी हळूच म्हणाला, "गप रे. सरकार हाय ते, एकहाक्या नाय. परत बोलवल."

शिपाई परत आला नाही. जेवणाची सुट्टी संपल्यावर हे आत गेले, तर सातही नावांपुढे 'गैरहजर' असं लिहून जबाब रद्द झाला होता. "तुम्ही लोक कधी वेळेवर येता का?" एवढंच साहेब म्हणाला, तेही मान वर न करता.

त्या दिवसापासून कोळीवाडा सरकारला एकहाक्या म्हणू लागला. मोजणीवाले आले की दारं धडाधड लागत. तिकडे कचेरीतही या वाड्याच्या फायलीवर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडला. पण सगळ्यांत वाईट झालं ते घरच्या घरात. गोमाजीने आपल्याला मुद्दाम गप्प बसवलं, तो टॉवरवाल्यांना फितूर झाला, असं दगडू भर देवळात म्हणाला. आणि त्याला खोटं पाडायला एकही माणूस उठला नाही. पंधरा दिवसांनी, धुक्याच्या एका पहाटे, गोमाजी एकटाच होडी घेऊन गेला. भरतीबरोबर होडी तेवढी परत आली.

आता कचेरीत सुमेधा मॅडम नव्या अधिकारी म्हणून आल्या होत्या. त्यांनी बंद फाइल उघडली आणि सुनावणी वाड्यातच ठेवली. नोटीस साधी होती. सातपैकी चार पंच समक्ष हजर राहिले तर जुना जबाब कायम, आणि खळं वाड्याच्या नावावर. पंच म्हणजे साक्षीदार, त्याच्या जागी बायको किंवा मुलगा चालत नाही. तिघे वारले होते. दगडू, जगन आणि जाईबाई हयात होते. चौथा कोण, तर गोमाजी, आणि तो फक्त कागदावर जिवंत.

म्हणजे खळं गेल्यातच जमा होतं. भागीरथीलाही ते कळत होतं. पण ती खळ्यासाठी आलीच नव्हती. नवऱ्याचं नाव सरकारने एकदा तरी नीट, दोनदा पुकारावं आणि वाड्याने ते मान खाली घालून ऐकावं, एवढ्यासाठी तिने अबोली माळली होती.

अकरा वाजले तरी धुकं हललं नव्हतं. समाजमंदिराचं मागचं दार खाडीकडे उघडतं, त्यातून ओल्या चिखलाचा वास आत येत होता. सुमेधा मॅडम सुती साडीतल्या, शांत आवाजाच्या बाई होत्या. शेजारी कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

"दगडू हिरू," मॅडमनी पुकारलं.

दगडू समोरच बसला होता. तो त्यांच्याकडे बघत राहिला. कारकुनाने पेन उचललं.

"थांबा!" भागीरथी मागून उठली. "परत बोलवा मॅडम. आमच्यात पयल्या हाकेला कोन ओ देत नाय."

"का बरं?"

"पयली हाक कोनाची ते कलत नाय."

मॅडम कारकुनाला हाताने थांबवून म्हणाल्या, "ठीक आहे. मी प्रत्येकाला दोनदा बोलावते. त्यात काय बिघडलं?"

त्यात काय बिघडलं! हे वाक्य एका सरकारी माणसाच्या तोंडून निघायला एकोणीस वर्षं आणि एक जीव लागला होता. भागीरथीला हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं.

दगडू हिरू, दुसऱ्या हाकेला हजर. जगन, दुसऱ्या हाकेला हजर. जाईबाईने तर दुसऱ्या हाकेनंतरही घसा खाकरून घेतला, मग ओ दिली. वारलेल्या तिघांच्या नावांपुढे 'मयत' लिहिलं गेलं. वाडा जरा सैलावला होता, मागच्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या.

"गोमाजी धाया," मॅडमनी पुकारलं.

"ओ."

आवाज खाडीकडच्या दारातून आला होता. मोठा नव्हता. जाळं ओढून दमलेला माणूस देतो तशी ती ओ होती, थोडी घोगरी, शेवटाला श्वास सुटलेली. त्या आवाजाने भागीरथीला आयुष्यात हजारदा ओ दिली होती.

चिखलाच्या वासात आता डांबराचा वास मिसळला होता, नव्याने डांबर लावलेल्या होडीला येतो तो.

"बाहेर का उभे?" मॅडम म्हणाल्या. "आत या ना..."

कुणी आलं नाही. कारकून उठून दारापर्यंत गेला, बाहेर डोकावला आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने परत आला. "कुणी नाहीये मॅडम. ओहोटी आहे... नुसता चिखल आहे."

"पण आवाज आपण सगळ्यांनी ऐकला," मॅडम म्हणाल्या. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. "अंगठा लागेल त्यांचा. आणि हे तेच आहेत, अशी ओळख कुणीतरी द्यायला हवी."

जाईबाईने भागीरथीचं मनगट पकडलं. "भागे... पयल्या हाकेला ओ दिली गो. ओलख देव नको... घरी येल तो."

भागीरथीलाही ते कळलं होतं. मेलेला असो, जिवंत असो, वाड्याचा माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. पण तिच्या मनात दुसरंही येत होतं. त्या दिवशी पहिल्या हाकेला गप्प बसला म्हणून या माणसाचं सगळं गेलं. एकोणीस वर्षं चिखलात पडून त्याने तेवढी एकच गोष्ट घोकली असेल. आज तो कशाला थांबेल? यातलं खरं कुठलं, हे सांगणारं खोलीत कुणी नव्हतं. तिने मनगट सोडवून घेतलं आणि दगडूसमोर जाऊन उभी राहिली.

"कोनाचा आवाज रं दगडू? देवलात बोललास ना भर सभेत? आता पन भर सभेतच बोल."

"गोमाजीदादाचा," तो म्हणाला. "दादाचाच... मी चुकलो गो वहिनी."

तिने कारकुनाच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि खाडीकडच्या दाराबाहेर गेली.

तीन पायऱ्या, आणि त्यांच्याखाली चिखल. सारवल्यासारखा सपाट, त्यावर चिखलातल्या निवट्या माशाचीसुद्धा रेघ नव्हती. दहा हातांपलीकडे धुक्यात तिवरंही दिसत नव्हती. शेवटच्या पायरीवर उभं राहून तिने रजिस्टर दोन्ही हातांनी पुढे धरलं. मग डोळे मिटले. ती भित्री नव्हती, पण उघड्या डोळ्यांनी हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

"अंगठा द्या," ती म्हणाली.

रजिस्टर जड झालं. कुणीतरी पलीकडून धरावं तसं ते थोडं पुढे ओढलं गेलं. तिच्या बोटांशी काहीतरी टेकलं, बर्फातल्या मासळीइतकं गार, आणि अगदी समोर कुणीतरी दमलेला श्वास घेतला.

"तुमीच ना...?"

उत्तर आलं नाही. कागदावरचा भार उतरला. तिने डोळे उघडले तेव्हा गोमाजीच्या नावापुढे चिखलाचा ओला अंगठा उठला होता. पायऱ्यांखालचा चिखल अजून तसाच सपाट होता.

सुमेधा मॅडमनी आधी भागीरथीचे दोन्ही अंगठे बघायला मागितले. संशय घेणं हे त्यांचं कामच होतं, आणि भागीरथीला त्याचा राग आला नाही. अंगठे स्वच्छ होते. मग मॅडमनी फायलीतला जुना जबाब काढून दोन्ही ठसे शेजारी शेजारी धरले. दोरीने कापल्याची तिरकी खूण दोन्हींवर एकाच जागी होती.

"मी माणूस पाहिलेला नाही," त्या हळू म्हणाल्या. "पण हाक मी मारली होती, आणि ओ मी ऐकली आहे. ओळख कोण देतंय?"

"मी," भागीरथी ताठ उभी राहून म्हणाली. "माझे घरवाले हायत. गोमाजी धाया. वाडा इकनारा मानूस नव्हता तो." आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने सरकारी कागदावर अंगठा उमटवला.

हजर चार. खळं वाड्याचं झालं. दगडूने डोक्यावरची टोपी काढून खाडीकडे तोंड करून हात जोडले, त्याच्यामागे सगळा वाडा उभा राहिला. भागीरथी मधून चालत घरी गेली तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देत होते. एवढी सुखाने ती लग्नाच्या दिवशीही चालली नव्हती.

दिवेलागणीला तिने कोळंबीचं कालवण केलं, भात घातला आणि स्वयंपाकघरात दोन ताटं वाढून ठेवली. जाईबाईने आपल्याकडे झोपायला ये म्हणून तीनदा निरोप पाठवला होता, पण भागीरथी गेली नाही. ज्याला चारचौघांत आपलं म्हटलं, त्याच्यापासून लपायचं कसं? ती उंबऱ्यावर खाडीकडे तोंड करून बसली. धुकं अंगणापर्यंत आलं होतं. वर टॉवरांचे दिवे पुसट लागले होते.

"भागे..."

हाक खाडीकडून आली. गोमाजीच्या आवाजात.

भागीरथीने ओ दिली नाही. तिला भीती वाटत होती, पण भीतीहून अभिमान मोठा होता. "आज सरकारनं दोनदा हाका मारल्या," ती धुक्याला म्हणाली. "तुमी पन मारा. मारलीत तं मी हायच तुमची."

ती वाट बघत बसली. घरात फ्रीज घरघरत होता, मग तोही बंद पडला. डांबराचा वास दाट होत गेला. दुसरी हाक आली तर तो आपला, नाही आली तर तो एकहाक्या. एवढं सोपं होतं ते.

"भागे गो..."

तिने ओ द्यायला तोंड उघडलं, आणि ओ तिथेच अडकली. ही हाकही गोमाजीच्याच आवाजात होती. पण ती खाडीकडून आली नव्हती. ती तिच्या पाठीमागून, घरातून, वाढलेल्या ताटांपासून आली होती.

एकाने दोनदा हाक मारली, की दोघांनी एकेकदा?

भागीरथीने मागे वळून पाहिलं नाही. अबोलीची वेणी हाताने नीट केली, पाठ ताठ केली आणि तोंड मिटून तिसऱ्या हाकेची वाट बघत उंबऱ्यावर बसून राहिली. आतून ताट सरकल्याचा आवाज आला. बाहेर, अंगणातल्या चिखलात, पहिलं पाऊल वाजलं.