मुठीतला हात

दुपारची जेवणं उरकली की ती नवऱ्याची डावी मूठ उघडायला बसायची. त्याच्या मेंदूला मार बसल्यापासून मूठ घट्ट मिटलेली. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आत कापडाची गुंडाळी ठेवावी लागे. जुनी काढायची, तळवा पुसायचा, नवी सारायची. रोजचंच काम.

तिचा नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. वर्षापूर्वी त्याची गाडी पुलावरून नदीत गेली. त्या दिवसातलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "आठवण पुसली गेली, भीती अंगात राहिली," डॉक्टर म्हणाले होते. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की तो घामाने निथळायचा, मूठ आणखी आवळायचा आणि डावीकडे वळून पुटपुटायचा, "आहेस ना गं?"

ती उजवीकडे बसलेली असायची.

"वहिनी, दादाने सवत आणली की काय!" नणंद एकदा हसली होती. हिला नाही हसू आलं. गाडीत तो एकटाच सापडला होता. मग हे 'गं' कुणाला? वर्षभर भरवायचं, उचलायचं, पुसायचं हिने, आणि घाबरल्यावर हात धरायला दुसरीच? नुसता जळफळाट व्हायचा तिचा.

आज काढलेली गुंडाळी ओली होती. गार. तिला गाळाचा वास येत होता. त्याच्या हातावर, मागच्या बाजूला, नखांच्या चार ताज्या खुणा. हिने तर त्याची नखं कालच कापलेली.

"कोण आहे ती?"

"माहीत नाही... हात सोडत नाही."

"मग झटकून टाक ना!"

"नको गं... एकटी राहायला घाबरते ती."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवी गुंडाळी भिरकावून तिने आपलाच हात त्याच्या मुठीत खुपसला.

"इथे आता मी. तिला म्हणावं, चालती हो."

बाहेर ब्रेक किंचाळला. तिने श्वास रोखला...

तो दचकला नाही. मूठ हळूहळू सैल झाली. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, अगदी तिच्याकडेच.

"सोडलं तिने," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

जिंकले! त्याचे डोळे पुसायला ती हात उचलू गेली.

उचलेना.

त्याची बोटं तर केव्हाच उघडून मांडीवर निवांत पडली होती. आणि तिच्या बोटांत, एकेक करून, गार ओली बोटं गुंफली जात होती.