टेकायची जागा

भिंतीला रंग निवडणं म्हणजे काही डोंगर उचलणं नाही. पण त्या घरात ते तसंच होऊन बसलं होतं. सुनेला कामासाठी स्वतःची खोली मिळाली, तीही सासरे गेल्यावर. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढणारी ही बाई इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर, ताटं बाजूला सारून, आपला कागद पसरत होती.

खोलीतलं सामान सासऱ्यांचं. काळंभोर शिसवी टेबल, तसंच कपाट, आणि ठेंगण्या पाठीची जड खुर्ची. ते खोलीबाहेर काढायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली, "पण भिंती माझ्या."

रंगाऱ्याने खुर्चीमागच्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन पट्टे ओढले. मोतिया, फिकट पिस्ता आणि लिंबाच्या सालीसारखा पिवळा. "घाई करू नका, ताई. रंग वाळल्यावर खरा कळतो."

पट्टे वाळले आणि तिन्हींतून आरपार एकच डाग वर आला. डोक्याएवढा, गोल, तेलकट. सासरे जन्मभर तिथेच डोकं टेकून बसत.

"तेल मुरलंय. आधी अस्तर मारावं लागेल," रंगारी म्हणाला.

नवऱ्याला वेगळंच सुचलं. "राहू दे ना. बाबांचा तो मातकट रंगच दे. त्यात डाग दिसत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पडद्यांपासून आईंच्या कपड्यांपर्यंत सगळे रंग त्यांनी ठरवले. आता गेल्यावरही त्यांनाच विचारायचं का?"

सासऱ्यांसमोर सासूबाई कधी खुर्चीत बसल्या नव्हत्या. आता कुठे, दुपारी बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर पाय वर घेऊन चहा प्यायला शिकल्या होत्या. सुनेला ते बघून फार बरं वाटे.

तिने अस्तर मारून घेतलं, चारही भिंती पिवळ्या केल्या आणि टेबल-खुर्ची समोरच्या भिंतीला नेली. डाग आला नाही. काळं लाकूडसुद्धा उजळलं. ती ऐटीत कामाला बसली.

दुपार कलली. घर गप्प होतं. आणि मग तो वास आला... उकळलेल्या औषधी तेलाचा, जुना, उबट. तिने मान वळवली. नव्या भिंतीवर, तिच्या मागे, ओला गोल डाग होता. तिच्या डोक्याच्या बराच वर. सासरे उंच होते.

तिच्या पाठीला, खांद्यांपाशी, गार काहीतरी टेकलेलं होतं. खुर्चीची पाठ इतकी वर येत नव्हती.

ती ताडकन उभी राहिली. भीतीपेक्षा संताप मोठा होता. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पिवळ्या भिंतीपाशीसुद्धा हक्काची जागा नाही?

"उठा..." ती दबक्या आवाजात म्हणाली. "बास झालं. उठा इथून!"

खुर्ची करकरली. जड माणूस हातांवर भार देऊन उठावा तशी. वास दाराकडे सरकला, विरत गेला. बघता बघता डाग सुकला आणि भिंत पुन्हा पिवळी झाली.

तिला हसू फुटलं. जिंकले! हे आईंना सांगायलाच हवं, म्हणून ती बाहेर धावली.

सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मान खाली, हातात अर्धा चहा. खुर्ची रिकामी होती.

"आई, बसा ना. उभ्या का?"

"हळू बोल..." सासूबाईंचे ओठ जेमतेम हलले. "ते बसलेत."

खुर्चीमागच्या भिंतीवर एक ओला गोल हळूहळू पसरत होता. सुनेने मुठी आवळल्या. पुन्हा या बाईला उभं केलं! ती पुढे झाली, तोच सासूबाईंनी तिचा हात धरला. त्यांची बोटं गार आणि तेलकट होती.

"विचारतायत... तो पिवळा रंग कुणाला विचारून दिलास?"