कुत्र्यासाठी दोन किलो

बाजारात हेल्मेट न काढता फिरणारी माणसं दोनच प्रकारची. एक घाईतली, दुसरी डुकराचं मटण घ्यायला आलेली. हा दुसऱ्यातला. आमच्या दुकानावरून तीनदा गेला. शेजारी कांद्याचा भाव विचारला, कांदा घेतला नाही.

चौथ्या फेरीला थांबला.

“काकू... ते... रिब्स मिळतील का?”

माझ्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली. हा आवाज मी रोज ऐकत होते. बीडच्या अभ्यासिकेत माझ्या समोर बसणारा, रोज सकाळी “अपेक्षा, एक पेन जास्तीचा आहे का गं?” विचारणारा वीरेश. त्याच्या घरचं किराणा दुकान, देव्हाऱ्यात महादेव आणि स्वयंपाकघरात अंडंसुद्धा नाही — त्यानंच सांगितलेलं. मी सांगितलं होतं, आमची शेती आहे. शेती आहेच. तिच्यात शेड आहे आणि शेडमध्ये चाळीस पांढरी डुकरं, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

नांदूरघाटच्या आठवडी बाजाराच्या शेवटच्या टोकाला, हिरव्या जाळीखाली आमचं दुकान. मटण तोडायच्या ओंडक्यापाशी आई, मनकर्णाबाई. शेजारी मी — डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलेलं. ऊन असो, नसो.

“कशाला पायजेत?” आईनं विचारलं. “रश्शाला का भाजायला?”

“कुत्र्यासाठी,” हेल्मेट म्हणालं.

आणि लगेच मोबाईल पुढे केला. चित्रात निखाऱ्यांवर लालभडक, चकाकणारे तुकडे.

“तुमचं कुत्रं भाजून खातंय व्हय?” आई म्हणाली.

मी आवाज जाड केला, अभ्यासिकेतली भाषा गिळून टाकली. “दाखवा. ही बरगडी न्हाईच. नावाला बरगडी. मान सरती ना, तिथलं खांद्याचं मटण हाय. लांब पट्ट्या काढाव्या लागत्यात. मधी मधी चरबी पायजे, न्हाईतर निखाऱ्यावर चामडं होतंय.”

“बरंच माहीत आहे तुम्हाला.”

“कुत्र्याला तिखट चालतं का?”

“चालतं... बहुतेक.”

“मग मीठ, तिखट, लसूण, चिंचगूळ लावून ठेवा दोन-तीन तास. अन् जाळावर न्हाई, निखाऱ्यावर. कुत्र्याला म्हणावं, दम धर.”

हेल्मेटच्या काचेमागे तो हसला असावा, काचेवर वाफ आली. दोन किलो म्हणाला. मी पट्ट्या कापायला लागले आणि तो माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुम्ही यांची मुलगी का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “कामाला हाय.”

आईचा हात ओंडक्यावर अर्ध्यात थांबला. क्षणभरच. मग न मागताच तिनं मटण दोन काळ्या पिशव्यांत बांधून दिलं. तो गेला.

संध्याकाळी जाळी गुंडाळताना आई म्हणाली, “हजेरीचे पैसे किती देऊ, बाई?”

मला बाई म्हणाली ती. मी रस्सीची गाठ सोडवत राहिले... नसलेली.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत वीरेशनं पेन मागितला नाही.

“काल कुठे होतास?” मीच विचारलं.

“शेतात. पुण्याचे मित्र आले होते.”

“जेवण?”

“पनीर,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. “छान झालं होतं. अगदी सांगितल्यासारखं.”

कुणी सांगितल्यासारखं, हे मी विचारलं नाही. त्यानंही माझ्या वहीवरून नजर काढली. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी फार नम्रपणे वागलो. इतके नम्र, की शेजारच्या बाकावरच्या चैतालीनं विचारलं, “भांडलात का गं?”

पुढच्या बाजाराला तो आला. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, तोंड उघडं. आणि नेमके त्याच वेळी कांद्यापाशी सिद्धाराम काका उभे. वीरेशच्या नात्यातले. बीडमध्ये कुणाच्या घरी काय शिजणार, हे चूल पेटायच्या आधी त्यांना कळतं, असं तोच सांगायचा.

“वीरेश? तू इकडं कावून?”

“मटण घ्यायला, काका.”

काकांनी चष्मा नाकावर सरकवून आमच्या पाटीकडे पाहिलं. चांगली सावकाश वाचली.

आईनं सगळं हेरलं. पटकन म्हणाली, “कुत्र्याला ना?”

ती त्याला वाट काढून देत होती. त्याच्या लाजेला. मला वाटलं, घेईल. मी घेतली असती.

“न्हाई, काकू. मागल्या वेळी खोटं बोललो. मलाच खायला पायजे.”

“बापाला सांगू का?” काका म्हणाले.

“दादांना सकाळीच सांगितलं. ते जेवले न्हाईत.”

काका कांदे न घेताच गेले. वीरेश माझ्याकडे वळला. आवाज अगदी खाली.

“कुत्रा म्हणालो तेव्हा ओळखलं नव्हतं. डाव्या हातानं सुरी चालवलीस, तेव्हा ओळखलं. तेव्हा तरी खरं बोलायचं... नाही बोललो. तुझ्या घरच्या ताटातलं कुत्र्याच्या नावावर नेलं. आठ दिवस लाज वाटतेय.” मग थांबून, “दादांना नुसतं मटणाचं नाही... कुणाच्या हातचं, तेही सांगितलं. आवडते म्हणालो.”

आणि मी अजून स्कार्फमध्ये.

त्याच्यापुढे नाही, आईपुढे मला तोंड नव्हतं. ती ओंडका पुसत होती, नको तितका. मी पिन काढली. बोटांची चरबी स्कार्फला लागली, गालांना वारा लागला.

“आई,” मी म्हणाले. कांदेवाल्यालाही ऐकू जाईल असं. “सरक जरा. ह्याला मी देते.” मग त्याला, “ही माझी आई. दुकान तिचं आहे.”

“कामाची बाई आज लई हक्कानं बोलायलीय,” आई म्हणाली. हसली नाही. पण सरकली.

“किती देऊ?” मी विचारलं.

“दोघांपुरतं...” आईकडे बघून तो अडखळला. “तिघांपुरतं.”

मी काळ्या पिशवीकडे हात नेला. आईनं तो बाजूला केला आणि आमचा जेवणाचा स्टीलचा डबा धुऊन पुढे ठेवला.

“डबा आणून द्यायचा,” ती वीरेशला म्हणाली. “रिकामा न्हाई.”

“घरून... धपाटे चालतील?”

“बगू.”

वीरेश मटणाचा डबा गाडीच्या हँडलला लावून भर बाजारातून गेला. हेल्मेट घालायचं विसरला, की घातलं नाही, कोण जाणे.

संध्याकाळी आवरताना मी स्कार्फ शोधत होते. तो आईच्या हातात होता. त्या स्कार्फनं तिनं ओंडका पुसला, स्कार्फ पिळला, आणि पुन्हा पुसला.

मी जाळी धरली, आई गुंडाळू लागली.